शेवटचा धावणारा पुढे गेल्याशिवाय टेबल उचलू नका

प्रति,
गोव्यातील लहान शहरांत मॅरेथॉन भरवणारे सर्व आयोजक, आणि त्यांना रस्ता देणाऱ्या नगरपालिका व पंचायती

सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याची. वय एक्कावन्न, पेशाने प्राथमिक शिक्षिका. आठ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर काठावर आली आहे म्हणून सांगितले आणि मी चालायला लागले. चालता चालता पळायला कधी लागले ते कळले नाही. आता आठवड्यातून चार दिवस पहाटे पाचला घराबाहेर पडते, फर्मागुढीचा चढ चढते, गोपाळ गणपतीला हात जोडते आणि नागेशीच्या बाजूने उतरते. घरी पोचेपर्यंत पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजत असतो.

माझा वेग किलोमीटरला आठ मिनिटे. हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, मला पावणेतीन ते तीन तास लागतात. कुठल्याही स्पर्धेत मी शेवटच्या पन्नासांत असते. हे पत्र त्या शेवटच्या पन्नासांचे आहे असे समजा.

ज्या स्पर्धेबद्दल लिहिते आहे तिचे नाव आणि शहर मुद्दाम लिहीत नाही. एक तर तिथे राबलेली मुले मनापासून राबली होती, त्यांच्या कष्टांना बोल लागू नये. दुसरे म्हणजे, जे तिथे झाले तेच थोड्याफार फरकाने मी इतर ठिकाणीही पाहिले आहे. हे पत्र तुमच्यापैकी ज्याला लागू पडेल त्याने घ्यावे.

आधी चांगले सांगते, कारण तेही तितकेच खरे आहे. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये मी एकदा धावले. २००४ पासून चालत आलेली स्पर्धा, सारे काही जागच्या जागी. पण त्या एवढ्या गर्दीत मला ओळखणारे कुणी नव्हते. आपल्याकडे तसे होत नाही. या स्पर्धेत सहाव्या किलोमीटरला एका वाड्यावर मुले घुमट आणि शामेळ घेऊन कठड्यावर बसली होती. चवथीत आरतीला वाजवतात तसेच, अंगात आल्यासारखी वाजवत होती. पुढे एका दारातून "टीचर, टीचर" अशी हाक आली. पाहते तर बारा वर्षांपूर्वीची माझी विद्यार्थिनी, कडेवर मूल घेऊन उभी. तिने त्या मुलाचा इवलासा हात धरून मला टाळी दिली. पुढचे दोन किलोमीटर पायांना वजनच नव्हते. अशी स्पर्धा आपल्याच गावांत होऊ शकते. ती बंद पडू नये, वाढावी, म्हणून लिहायला बसले.

आता त्या दिवशी काय झाले ते सांगते.

जानेवारीतला रविवार. हाफ सुटायची वेळ साडेपाच. आम्ही पावणेपाचला मैदानावर हजर होतो. छातीवर नंबराचे बिब लावले, वेळ नोंदवणारी चिप बांधली, मंचावरच्या मुलीने झुंबा करून घेतला. सव्वापाचला आम्ही रेषेमागे उभे राहिलो. साडेपाच झाले. पाहुणे आले नव्हते. "पाच मिनिटांत पोचताहेत" असे माईकवर सांगितले, मग पुन्हा पाच मिनिटे, मग पुन्हा झुंबा. अंगातला घाम गार झाला. ज्यांनी सुटायच्या पंधरा मिनिटे आधी ताकदीसाठी साखरेचे जेल खाल्ले होते त्यांचे ते वाया गेले. बायकांची पुन्हा शौचालयाकडे रांग लागली. पाहुणे आले, स्वागत झाले, दोन भाषणे झाली आणि झेंडा हलला तेव्हा सव्वासहा वाजले होते.

पंचेचाळीस मिनिटे. पाहुण्यांना उशीर होऊ शकतो, त्यांच्यामागे शंभर कामे असतात, त्याबद्दल माझा राग नाही. माझे म्हणणे पुढच्या हिशोबाबद्दल आहे, आणि तो जरा सावकाश वाचावा.

स्पर्धेची मुदत सव्वातीन तासांची होती. साडेपाचला सुटले तर पावणेनऊला संपले. पोलिसांकडून रस्ता बंद ठेवायची परवानगी नऊपर्यंतची. पाण्याच्या टेबलांवर बसलेल्या मुलांच्या हातात जे कागद होते, त्यांवर प्रत्येक टेबल किती वाजता उठवायचे ते लिहिलेले. सोळाव्या किलोमीटरचे टेबल आठला. साडेपाचची सुरुवात धरली तर ते बरोबरच होते, कारण मुदतीत पोचणारा सर्वांत हळू माणूससुद्धा आठच्या आत तिथून गेलेला असता. पण सुरुवात सव्वासहाला झाली आणि कागद कुणी बदलले नाहीत. परवानगी वाढवून घेतली नाही, टेबलांना कळवले नाही. पुढच्या वेगवान मंडळींना याचा काहीच फरक पडला नाही, ती साडेसातलाच आत आली होती. पंचेचाळीस मिनिटे कापली गेली ती मागच्या टोकाची.

मी सोळाव्या किलोमीटरला पोचले तेव्हा आठ वाजून तेवीस मिनिटे झाली होती. घड्याळात दोन तास आठ मिनिटे, म्हणजे मुदतीच्या चांगली आत. टेबलावरचा कागद गुंडाळून झाला होता. दोन मुले, अकरावी-बारावीतली असावीत, टेबलाचे पाय मिटत होती. वीस लिटरचा जार उलटा ठेवला होता. मला पाहून एका मुलाचा चेहरा उतरला. त्याने तो जार उचलला, तिरपा केला, दोन्ही हातांनी हलवला आणि तळाशी राहिलेले पाणी एका पेल्यात धरले. अर्धा पेलाही भरला नाही. "सॉरी टीचर," तो म्हणाला. त्याने मला ओळखले नव्हते, माझ्या वयाच्या बाईला आपल्याकडची मुले टीचरच म्हणतात. त्या मुलाचा काहीही दोष नव्हता. त्याच्या कागदावर आठ लिहिले होते आणि तो वीस मिनिटे उगीचच जास्त थांबला होता.

माझ्याबरोबर आणखी चौघे होते. एक साठीच्या पुढचे गृहस्थ, अंगाने काटक, पंधराव्यापर्यंत आमच्या पुढे होते. सतराव्याच्या जवळ ते रस्त्याच्या मधोमध जायला लागले. आधी वाटले, सावली शोधताहेत. पण सावली डावीकडे होती आणि ते उजवीकडे ओढले जात होते. माझ्याबरोबर धावणारी मैत्रीण परिचारिका आहे. तिने धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि विचारले, "काका, आज वार कोणता?" ते तिच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "गाडी इथेच लावली होती." मैत्रीण मला म्हणाली, "ह्यांना आत्ता खाली बसवायचे. आत्ता."

रस्त्याला लागून एक घर होते. लाल चिऱ्यांचा गडगा, आत तुळस, परसात विहीर. गॅलरीत एक मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्ही तिघांनी काकांना धरून आत आणलेले पाहिले तशा त्या उठल्या. "मात्शें बस गो बाय, उदक हाडटां," म्हणजे जरा बस, पाणी आणते, असे म्हणत आत गेल्या. मैत्रिणीने त्यांना थांबवले आणि विहिरीकडे बोट केले. पुढची वीस मिनिटे आम्ही आळीपाळीने कळशी ओढली. काकांना आंब्याच्या सावलीत आडवे केले होते. डोक्यावर, मानेवर, काखांत, मांड्यांवर पाणी ओतत होतो, आणि मावशी सुपाने वारा घालत होत्या. माझा हात त्यांच्या पाठीला लागला होता. भट्टीतून काढलेला पाव हातात धरावा तशी ती पाठ लागत होती, आणि घाम मात्र पाणी ओतायच्या आधीपासून वाहतच होता. दहा-बारा कळशा झाल्यावर त्यांनी डोळे नीट उघडले आणि आपले नाव सांगितले. मग गावाचे नाव सांगितले. मग विचारले, "मी पडलो काय?"

तोवर मी हेल्पलाइनच्या नंबरावर चार वेळा फोन लावला होता. चौथ्या वेळी उचलला. स्पर्धेची रुग्णवाहिका एकच होती, ती शेवटच्या रेषेपाशी उभी होती आणि मधला रस्ता आता वाहनांना मोकळा झाल्यामुळे अडकली होती. शेवटी १०८ ला फोन केला. ती आली, काकांना घेऊन गेली, दोन दिवसांनी ते घरी आले. आज ते ठीक आहेत, पुन्हा चालायला लागले आहेत, आणि हे सगळे लिहायला त्यांनीच मला सांगितले.

मैत्रिणीने नंतर मला समजावले ते इथे लिहिते, कारण तुमच्यापैकी प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवे. धावताना उष्माघात होतो तेव्हा शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते, आणि माणूस असंबद्ध बोलायला लागतो, ती पहिली खूण. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे असते, म्हणून जगभर क्रीडावैद्यकातले लोक सांगतात: आधी जागच्या जागी थंड करा, मग हलवा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरवले तर माणूस बहुधा वाचतो. म्हणजे रेषेपाशी उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेपेक्षा सतराव्या किलोमीटरची विहीर त्या दिवशी जास्त कामाची होती. बर्फ घातलेल्या पाण्याचा एक मोठा टब, दोन चादरी, सावलीसाठी एक ताडपत्री आणि ही खूण ओळखणारा एक माणूस, एवढे शेवटच्या पाच किलोमीटरांत दोन जागी ठेवायला काय लागते? मासळीबाजाराला रोज पुरतो तेवढा बर्फ आपल्याकडे सहज मिळतो.

आपल्या हवेचाही विचार करा. कोकणपट्टीत जानेवारीची पहाट थंड वाटते, पण दमटपणा हटत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होते, आणि दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो. सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेपाचला सुटलेली हाफ बहुतेकांसाठी कोवळ्या उन्हात संपते. सव्वासहाला सुटलेली तीच हाफ मागच्या लोकांना आठ-साडेआठच्या उन्हात, सावली संपलेल्या डांबरावर आणून सोडते. म्हणून पंचेचाळीस मिनिटांच्या उशिराला आपल्याकडे पुणे-साताऱ्यापेक्षा जास्त किंमत आहे.

पुढचे थोडक्यात. मावशींनी निघताना आम्हाला थांबवले आणि आतून पितळी पेल्यांत पेजेची निवळ आणली. गरम नाही, कोमट, आणि मीठ चांगले चरचरीत. सोबत करमलाच्या लोणच्याची फोड. मी आजवर जेवढी रंगीबेरंगी पेये धावताना प्यायले त्यांतल्या कशानेही मला इतकी ताकद दिली नाही. आम्ही पावणेनऊच्या पुढे निघालो. रस्ता नऊच्या आधीच मोकळा झाला होता. सकाळची गर्दी, प्रार्थनेला निघालेल्या स्कूटर, मासळी घेऊन परतणारे लोक आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या गाड्या, ज्यांच्यातल्या मुलांनी अजून रात्र संपवली नव्हती. त्यांतली एक आमच्या कोपराला घासून गेली. शेवटच्या वळणावर मार्शल नव्हता. एका पायलटाने, आपल्या मोटरसायकल टॅक्सीवाल्याने, स्टँडवरून हात करून आम्हाला वाट दाखवली.

मी पोचले ते नऊ वाजून चोवीस मिनिटांनी. घड्याळात तीन तास नऊ मिनिटे. फुगवलेली कमान जमिनीवर पडली होती. पंखा बंद केलेला, आणि दोन कामगार तिच्यावर गुडघे टेकून हवा बाहेर काढत होते. आम्हाला येताना पाहून त्यांतल्या एकाने कमानीची कड उचलून बाजूला धरली, म्हणजे आम्हाला पाय अडखळू नये. चिप वाचणाऱ्या पट्ट्या काढून टेम्पोत ठेवल्या होत्या. पदके संपली होती. नाश्त्याची पाकिटे संपली होती, ती तीन किलोमीटरच्या फन रनला आणि मंचाला गेली असे कळले. चार दिवसांनी निकाल आला. आम्हा पाचही जणांच्या नावांपुढे डीएनएफ, म्हणजे पूर्ण केली नाही.

काकांनी खरोखरच पूर्ण केली नव्हती. आम्ही चौघांनी केली होती.

मी मेल लिहिला. उत्तर आले की नियमाप्रमाणे नऊनंतर आलेल्यांची नोंद धरता येत नाही. मी दुसरा मेल लिहिला की नियमात वेळ सव्वातीन तास अशी आहे, नऊ वाजेपर्यंत अशी नाही. त्याला उत्तर आले नाही. पदकाचे मला काही वाटत नाही. पण माझ्या वर्गातल्या मुलांनी सोमवारी विचारले तेव्हा त्यांना मी काय सांगायचे? मी त्यांना खरे ते सांगितले: मी पूर्ण केली, पण कागदावर तसे लिहिलेले नाही. त्यावर एका मुलीने विचारले, "मग तुम्ही त्यांना परत मोजायला सांगा ना?" तेच करते आहे.

माझी मुख्य मागणी एकच आहे. स्पर्धा आखताना घड्याळ शेवटच्या धावणाऱ्याचे धरा. सुरुवात जितकी मिनिटे पुढे जाईल तितकीच मिनिटे प्रत्येक टेबल, प्रत्येक मार्शल, रस्त्याची परवानगी, चिपच्या पट्ट्या आणि रुग्णवाहिका पुढे जातील, हे आधीच लिहून ठेवा. पोलिसांकडे परवानगी मागतानाच तास-दीड तास जास्त मागा. टेबलावरच्या मुलाच्या कागदावर "आठ वाजता" असे लिहू नका. "शेवटचा धावणारा आणि त्याच्यामागची सायकल गेल्यावर" असे लिहा. मोठ्या स्पर्धांत शेवटच्या माणसामागे त्याला सोबत करणारा स्वीपर असतो. आपल्याकडे एक सायकल आणि एक शहाणा मुलगा पुरेल. त्याच्या पाठीवर पिवळा झेंडा लावा. तो झेंडा जाईपर्यंत कुणी उठायचे नाही.

पाहुण्यांचे म्हणाल तर मान त्यांना मिळालाच पाहिजे. मी शाळेत काम करते, पाहुण्यांशिवाय कार्यक्रम होत नाही हे मला ठाऊक आहे. पण हाफला साडेपाचला कुणीही झेंडा दाखवू द्या, मैदानाची देखभाल करणाऱ्या माणसानेही चालेल. पाहुण्यांच्या हस्ते सातला सुटणारी तीन किलोमीटरची धाव सोडा. मुले, पालक, आजी-आजोबा तिथेच असतात, फोटोही उजेडात चांगले येतात. आणि ज्यांना खरोखर सवड आहे त्यांनी नऊपर्यंत थांबून शेवटच्या पन्नासांना पदके घालावीत. जे लोकप्रतिनिधी तसे करतील त्यांना आम्ही जन्मभर विसरणार नाही.

पाण्याबद्दल. आंतरराष्ट्रीय नियमांत रस्त्यावरच्या शर्यतीत साधारण दर पाच किलोमीटरला पाणी हवे असे आहे. आपल्या हवेत ते अडीच किलोमीटरवर हवे, असे माझे ठाम मत आहे. पण नुसते पाणी नको. बॉस्टनच्या २००२ च्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावणाऱ्यांचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य क्षार, सामान्य पातळीच्या खाली उतरलेले आढळले. शर्यतीत पाण्याने वजन वाढलेल्यांना आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ रस्त्यावर असलेल्यांना हा धोका अधिक होता. म्हणजे पुन्हा मागचेच लोक. आपल्याकडे यावर उपाय शोधायला कुठे जायचे कारण नाही. मीठ घातलेली पेजेची निवळ, सोलांचे पाणी, ओआरएसची पाकिटे, पिकलेली केळी. आणि पेले स्टीलचे ठेवा, धुवायला दोन माणसे ठेवा. प्लास्टिकचे पेले तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहेत, तरी स्पर्धेनंतरच्या गटारांत मला ते दिसतात.

अंतराबद्दल एक गोष्ट सांगायची राहते. एका आयोजकाने मला प्रामाणिकपणे सांगितले की त्यांनी मार्ग मोटरसायकलच्या मीटरवर मोजला. मीटर इतका अचूक नसतो. प्रमाणित मार्ग मोजतात तो सायकलवर, पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचे छोटे यंत्र बसवून. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ रस्त्यावर ती सायकल ताडून घेतात, मग वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटर ठेवून, धावणारा जी सर्वांत जवळची वाट धरेल तीच वाट धरून मोजतात. वर किलोमीटरमागे एक मीटर जास्त ठेवतात, म्हणजे मार्ग कमी भरायची भीती नाही. हाफसाठी ते एकवीस मीटर झाले. आमच्या त्या स्पर्धेत यू-टर्नच्या जागी ठेवलेला प्लास्टिकचा शंकू कुणीतरी गाडी वळवायला जागा व्हावी म्हणून अलीकडे सरकवला होता आणि बऱ्याच जणांच्या घड्याळात अर्धा किलोमीटर कमी भरला. घड्याळे थोडीफार चुकतात, पण सगळ्यांची एकाच बाजूला चुकत नाहीत. यू-टर्नची जागा रस्त्यावर रंगाने आखा. एखाद्या मुलीने सहा महिने घाम गाळून दोन तासांच्या आत हाफ पूर्ण केली, तर तो आकडा खरा असायला हवा.

मुलींचा विषय निघालाच आहे. ऑलिंपिकमध्ये बायकांना मॅरेथॉन धावायला मिळाली ती १९८४ साली, लॉस एंजेलिसला. मी तेव्हा चौथीत होते. त्याच ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषांचे पदक एका शतांश सेकंदाने हुकले, ते वडील रेडिओला कान लावून ऐकत होते हे मला आठवते. आपल्या गावांतल्या बायका आता कुठे पळायला बाहेर पडू लागल्या आहेत, कुणी सलवार-कमीजवर, कुणी मुलाचे जुने बूट घालून. त्यांना अंधारात मैदानावर यायचे असते, आणि कदंबची पहिली सरकारी बस येते तोवर शर्यत सुटलेली असते. तालुक्यातल्या चार ठिकाणांहून पहाटे चारला एकेक बस ठेवा, आमच्याकडून तिकीट घ्या. बायकांसाठी वेगळी, दिवा आणि कडी असलेली शौचालये ठेवा, सुरुवातीला आणि मार्गात दोन जागी. माझ्या ओळखीच्या तिघी केवळ याच कारणाने दहा किलोमीटरच्या पुढे जात नाहीत. पायांत ताकद आहे, पण धावायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायचे सोडतात. उन्हात त्याचा काय परिणाम होतो ते वर सांगितलेच.

आणि ज्यांच्या दारातून आम्ही धावतो त्या लोकांना आठ दिवस आधी सांगा. देवळाच्या सभामंडपात, चॅपेलच्या फळ्यावर, पंचायतीत, मासळीबाजारात मराठी-कोंकणीत कागद लावा: कोणता रस्ता, किती ते किती, प्रार्थनेला जायची वाट कुठून. त्या दिवशी एका वाड्यावर लोक चिडलेले पाहिले. त्यांचे बरोबर होते, त्यांना काहीच सांगितले नव्हते. ज्यांना सांगाल ते घुमट घेऊन बसतील.

स्पर्धेनंतरच्या रविवारी मैत्रीण आणि मी त्या मावशींकडे गेलो. बरोबर काकाही होते, त्यांनी नारळीपाकाचे लाडू नेले होते. मावशींनी त्यांना पाहून आधी कपाळावर हात लावून पाहिला, ताप उतरलाय का ते, आणि मग बसायला खुर्ची दिली. उठताना म्हणाल्या, "फुडल्या वर्साय येयात."

तेव्हा आमचे असे ठरले आहे. फोंड्यातले आम्ही नऊ जण आहोत, त्यांत एक परिचारिका, एक निवृत्त हवालदार आणि दोन शिक्षिका. ज्या शहराला हवे त्या शहराच्या सोळा ते अठरा किलोमीटरमधले एक टेबल आम्हाला द्या. टी-शर्ट नको, जेवण नको. दोन मोठी पातेली पेज, मीठ, केळी, स्टीलचे पेले आणि बर्फाचा टब आम्ही आणू. मावशींना विचारून ठेवले आहे, विहीर आणि आंब्याची सावली वापरायला त्यांची हरकत नाही. तुम्ही आम्हाला फक्त पिवळ्या झेंड्याची सायकल कुठवर आली ते फोनवर कळवत राहा. ती आमच्यासमोरून गेली की आम्ही टेबल मिटू.

आणि जमले तर त्या चौघांच्या नावांपुढचा डीएनएफ तेवढा काढा.

आपली,
फोंड्याची एक धावणारी